अर्ध्या कोयत्याचा हिशेब

बीड जिल्ह्यात 'कोयता' म्हटलं की हत्यार आठवायच्या आधी ऊस तोडायला जाणारं जोडपं आठवतं. "आमच्या टोळीत बारा कोयते आहेत" याचा अर्थ बारा नवरे, बारा बायका. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा कंत्राटदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, हंगाम संपल्यावर वही उघडली जाते ती कोयत्याची, आणि करार झालाच तर त्यावर सही किंवा अंगठा उमटतो तो बहुतेक वेळा कोयत्यातल्या पुरुषाचा. बाई त्या शब्दात आहे, पण कागदावर नाही.

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी देशभर गेली, तेव्हा तिच्याकडे आरोग्याचा विषय म्हणून पाहिलं गेलं. मला ते प्रकरण मजुरीचं वाटतं. ते पुन्हा मांडतो आहे ते यासाठी, की स्त्रियांच्या आर्थिक हक्कांसाठी धोरण आखताना आधी काय आणि नंतर काय, याचा क्रम इथे इतका स्पष्ट दिसतो तितका क्वचित कुठे दिसतो.

काय घडलं

एप्रिल २०१९ मध्ये 'बिझनेसलाइन' या वृत्तपत्राने बीडच्या काही गावांत गर्भाशय नसलेल्या तरुण बायका घरोघर कशा आढळतात याची बातमी छापली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली. जूनमध्ये प्रश्न विधिमंडळात आला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या चौकशीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

म्हणजे जवळपास दर सहा बायकांमागे एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांमध्ये देशभराचं हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नव्हती, हे मान्य केलं तरी हे अंतर डोळ्याआड करता येत नाही. त्यात तिशी-पस्तिशीतल्या बायका मोठ्या संख्येने होत्या, पंचविशीच्या आतल्याही होत्या.

बीडमध्ये याला 'पिशवी काढणं' म्हणतात. कपाशीची वेचणी झाली, पेरणी उरकली, तशी पिशवी काढली, इतक्या साध्या सुरात ते सांगितलं जातं. ते साधं कसं झालं हे समजायचं तर डॉक्टरच्या टेबलापासून मागे सरकत उसाच्या फडापर्यंत जावं लागतं.

फडातला दिवस

दिवाळीच्या आसपास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केजच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. बालाघाटाच्या डोंगररांगांतली हलकी, पावसाच्या भरवशावरची जमीन वर्षभर पोसत नाही. माणसं ट्रक-ट्रॅक्टरमधून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर, सोलापूरकडे, कर्नाटकातही जातात. मागे म्हातारी माणसं राहतात आणि शाळेतली मुलं त्यांच्या जिवावर.

फडात बाई पहाटे चारच्या सुमाराला उठते. कोपीतली (झोपडीतली) चूल, पोरांचं, मग उजाडायच्या आत ऊस. तोडायचा, पाचट सोलायचं, वाढी (उसाचे शेंडे) वेगळी करायची, मोळी बांधायची. मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडीत टाकायची. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. पाणी शेतकऱ्याच्या मोटारीवर, वीज असेल तेव्हा. आडोसा म्हणजे उभा ऊसच, आणि तो तर रोज तुटत असतो. पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. बाळंतपण झालेली बाई काही दिवसांत पुन्हा मोळी उचलते, कारण जोडीतला अर्धा भाग बसला की उरलेल्या अर्ध्याचंही काम निम्म्यावर येतं.

सुट्टी घेतली तर 'खाडा'. कितीतरी टोळ्यांत खाड्याचे दिवसाला ५०० रुपये कोयत्याच्या नावावर पडतात. आजारी पडलेल्या माणसाला मजुरी मिळत नाही हे सगळीकडचंच. इथे ती तर बुडतेच, वर दंड चढतो.

आकडे मांडून बघू. हे कोण्या एका जोडप्याचं खातं नाही. दर माहीत आहे, त्यावरून केलेली गोळाबेरीज आहे. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांमध्ये तडजोड होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण ३६६ रुपयांच्या घरात गेला. चांगली जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरू. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये, बारा-चौदा तासांचे. हंगाम १५० दिवस धरला तर ३०० टन, १,०९,८०० रुपये. उचल एक लाख घेतली असेल तर पाच महिन्यांच्या शेवटी हातात उरतात ९,८०० रुपये. त्यातून बाजारहाट, औषधपाणी, मधल्या काळात मुकादमाकडून घेतलेले किरकोळ पैसे वजा करायचे. दहा खाडे पडले तर ५,००० दंडाचे आणि ७,३२० न झालेल्या कामाचे. उरलेलं तर जातंच, कोयता अंगावर बाकी घेऊन गावी परततो आणि ती बाकी फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या गाडीत बसतो.

आता बाईच्या जागी उभं राहून पाहा. लग्न अठराच्या आत झालेलं. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४३.७ टक्के होतं, आणि कोयता जोडीचा लागतो हे त्याचं एक कारण आहे. दोन-तीन बाळंतपणं, पंचविशीच्या आत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. त्यानंतर अंगावर पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं, पाळीत जास्त रक्तस्राव. यातलं बरंचसं साध्या औषधांनी, विश्रांतीने, स्वच्छ पाण्याने बरं होण्यासारखं. पण औषधाला फेऱ्या लागतात आणि फेरी म्हणजे खाडा. गावी परतल्यावर सरकारी दवाखाना दूर, खासगी जवळ. तिथे सोनोग्राफीचा कागद दाखवून कोणी म्हणतं, "पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल." मुलं तर झालेली आहेत. दरमहा चार-पाच दिवसांचा त्रास कायमचा जाणार. शस्त्रक्रियेला ३०,००० लागले तर ते ८२ टन ऊस, जोडीचे ४१ दिवस. तेवढी उचल मुकादम वाढवून देतो.

तिला फसवलं गेलं हे खरंच आहे. पण ते अर्धंच खरं आहे. तिच्यासमोर जो हिशेब होता त्यात तिने केलेली निवड अडाणीपणाची नव्हती, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढचं धोरण चुकत राहतं. भोगावं लागतं ते नंतर. अंडाशयंही काढली असतील तर तिसाव्या वर्षी रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं राहिली तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता असते. सांधे दुखतात, घामाचे लोट येतात, मोळी पूर्वीसारखी उचलत नाही. ज्या शरीराच्या जोरावर उचल मिळत होती तेच लवकर म्हातारं होतं.

सरकारने काय केलं

काहीच केलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी लागू लागली. स्थलांतराच्या आधी आणि नंतर तपासणी, आरोग्य कार्ड, मजुरांची नोंदणी अशी पावलं सुचवली गेली, त्यातली काही पडलीही. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं आणि त्यासाठी कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यावेत, तितकेच सरकारने घालावेत असं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. गाळप होणाऱ्या उसाच्या प्रमाणात पैसा येत राहील अशी ही रचना चांगली आहे, कारण ती दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर पूर्णपणे लटकत नाही.

मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लेखाची स्वतःहून दखल घेऊन स्थलांतरित ऊसतोड मजुरांचा प्रश्न हाती घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. ती याचिका बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या प्रकारांवरून होती. बीड एकटं नव्हतं.

तरीही या सगळ्या उपायांचा रोख शस्त्रक्रियेच्या दारावर आहे. परवानगीचा शिक्का हा अडसर आहे, तो हवाच. पण दार अडवलं म्हणून दुखणं थांबत नाही, खाडा माफ होत नाही. शल्यचिकित्सकाने "गरज नाही" म्हणून परत पाठवलेली बाई दुसऱ्या दिवशी त्याच फडात, त्याच दुखण्यासह मोळी उचलत असेल, तर आपण तिचं गर्भाशय वाचवलं आणि तिला तिथेच सोडून दिलं. शेजारचा जिल्हा बसच्या तिकिटाएवढा लांब आहे.

जिथे गाठ आहे

१९७२ च्या दुष्काळाकडे थोडं वळून पाहायला हवं. बीड आणि आसपासच्या भागातून उसाकडे जाणारे लोंढे त्या दुष्काळाने फुगले. त्याच दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं सुरू झाली, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो १९७९ पासून लागू झाला. खडी फोडायला, नाला खणायला आलेल्या बाईचं नाव हजेरीपटावर वेगळ्या ओळीत लिहिलं जायचं. कामाच्या ठिकाणी लहान मुलांसाठी सावलीची, पिण्याच्या पाण्याची तरतूद होती, पुरुषाइतकाच दर होता. अंमलबजावणीत खोट असेल, पण तिचा अंगठा तिचा होता. एकाच दुष्काळातून निघालेल्या दोन वाटा. एकीवर बाईला स्वतःची ओळ मिळाली, दुसरीवर ती कोयत्यात विरघळली. बाईची नोंद कशी करायची हे महाराष्ट्राला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

नोंद नाही म्हणून काय काय हातून जातं ते बघा. समान वेतनाचा कायदा १९७६ पासून होता, आता ती तरतूद वेतन संहितेत आहे. पण तुलना करायची कशाशी? बाईला कमी मजुरी दिली असं सिद्ध करायला आधी तिची मजुरी वेगळी असावी लागते. प्रसूती रजेच्या कायद्याला आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांचं काम पुरेसं होतं, आणि ऊसतोड बाई त्याच्या जवळजवळ दुप्पट दिवस राबते. पण तिने एक दिवस काम केल्याचाही कागद नाही. १९६१ च्या त्या कायद्यात शेतीच्या आस्थापनांनाही तो लावण्याची मुभा राज्य सरकारला होती. इतक्या वर्षांत ती फडातल्या बाईसाठी वापरावी असं वाटलं नाही. विळ्या-कोयत्याने बोट तुटलं, गाडीवरून पडली, सर्पदंश झाला, तर "ती आमची कामगार होती" म्हणणारं कोणी नसतं. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम नवऱ्याकडे.

कारखान्याला खरंच माहीत नसतं का? साखर कारखान्याइतका काटेकोर हिशेब ग्रामीण महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचित ठेवला जात असेल. प्रत्येक गाडीचं वजन काट्यावर होतं, गट क्रमांक, टोळी, वाहन, सगळ्याची पावती निघते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वळता होतो. म्हणजे तोडणीच्या प्रत्येक टनाचे पैसे कारखान्याच्या वहीत आहेत. वहीतून ते मुकादमाच्या खात्यात जातात आणि तिथून पुढे कोयता सुरू होतो. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालक जबाबदार, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांतही आहे. कायद्याचा धागा कारखान्यापर्यंत पोचतो. बाईपर्यंत पोचायला त्याला दुसरं टोक लागतं, ते म्हणजे तिचं नाव.

आधी काय

म्हणून माझ्या मते पहिलं पाऊल एकच: कोयता हे हिशेबाचं एकक बंद करणं. काम जोडीने होऊ दे, त्याला हरकत नाही. पण करार दोघांचा वेगळा, दोघांची नावं कारखान्याच्या नोंदीत, टनाची मजुरी अर्धी-अर्धी आणि बाईचा अर्धा भाग तिच्या स्वतःच्या खात्यात. उचलीचीही तशीच वाटणी, म्हणजे तिच्या नावावर किती बाकी आहे हे तिला कळेल आणि नवऱ्याची दारू किंवा दिराचं लग्न तिच्या मजुरीतून वळतं होणार नाही.

पूर्वी यावर एक ठरलेलं उत्तर मिळायचं: बायकांची खाती नाहीत, असली तर चालू नाहीत. जुलै २०२४ पासून ते उत्तर संपलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या बायकांच्या आधार-जोडलेल्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जाऊ लागले. ज्या खात्यात सरकारचं अनुदान पोचतं, त्याच खात्यात तिच्या कष्टाचे पैसे का पोचू नयेत? अनुदानाबद्दल कोणाचं काहीही मत असो, त्या योजनेने ही वाट मळून ठेवली आहे.

दुसरं पाऊल खाड्याचं. आजारपण, पाळीचे दिवस, बाळंतपण यांवर दंड लावणं बेकायदा आहे असं स्पष्ट लिहून करारात घालावं लागेल आणि प्रसूतीच्या काळात महामंडळाच्या निधीतून मजुरी भरून द्यावी लागेल. टनाला २० रुपये जमा होत असताना त्यातला पहिला वाटा यासाठी राखायला हवा. गरोदर बाईला फडात राहायला भाग पाडणारी गोष्ट तिचा हट्ट नसून तिच्या जोडीवरची बाकी असते, हे एकदा पटलं की या खर्चाला दानधर्म म्हणता येत नाही.

पाणी, फिरती शौचालयं, फडाजवळ येणारी परिचारिका, ही कामं कारखान्याच्या गाळप परवान्याला जोडता येतील. यंत्रणा जागेवर आहे, परवाना दरवर्षी लागतो. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने इथल्या साखरेचा माग कोका-कोला आणि पेप्सिकोपर्यंत काढला, तेव्हापासून मोठे खरेदीदारही प्रश्न विचारू लागलेत. ते चांगलंच आहे. पण परदेशी कंपनीच्या तपासणीपुरती चार दिवस उभी राहिलेली शौचालयं आपल्याला नकोत.

शस्त्रक्रियेची परवानगी माझ्या यादीत शेवटी येते. ती काढून टाका असं मी म्हणत नाही. फक्त आधीची तीन कामं झाली तर तिची वेळच कमी येईल.

हरकती

मुकादम म्हणेल, दोन करार केले तर उचल कोण देणार? बाई मध्येच सोडून गेली तर? हरकत खोटी नाही. मुकादम स्वतः कारखान्याकडून आगाऊ घेऊन अडकलेला असतो, कित्येकदा त्यालाही मजूर पळाल्याचा फटका बसतो. २०२४ च्या तडजोडीत त्याचं कमिशन २० टक्क्यांवर गेलं, त्यातून काही धोका तो पेलू शकतो. उरलेल्यासाठी उचल कारखान्याने किंवा जिल्हा बँकेने मजुराच्या नावावर थेट दिली पाहिजे. आज ती मुकादमाच्या हातून येते म्हणून माणूस त्याच्याशी बांधला जातो.

दुसरी हरकत बायकांकडूनच येते: "पैसे शेवटी घरातच जाणार ना, कुणाच्या बी खात्यात का असंना." बऱ्याच घरांत ते खरं ठरेल. पण विधवा, टाकलेल्या, नवरा आजारी असलेल्या बायकांचं काय? मराठवाड्यात त्यांची संख्या कमी नाही, शेतकरी आत्महत्यांनी ती वाढवली. त्यांना उसाला जायचं तर भावाची, पोराची जोडी शोधावी लागते, नाहीतर अर्धा कोयता म्हणून कमी उचलीवर जावं लागतं. वेगळ्या नोंदीची पहिली गरज त्यांना आहे. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना एकल बायकांचा प्रश्न सतत मांडत आल्या आहेत.

आणि एक घाई आहे. ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीला ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान देणारी योजना २०२३ मध्ये आली. यंत्र येणार, यावंही. चाळीस किलोची मोळी कोणाच्या डोक्यावर राहावी असं मला वाटत नाही. पण जेव्हा येईल तेव्हा ज्यांची कामं जातील त्यांच्या पुनर्वसनाची यादी कशावरून बनेल? आजच्या वह्यांवरून बनली तर त्यात कोयत्यांची नावं असतील, म्हणजे पुरुषांची. वीस हंगाम राबलेली, पिशवी काढलेली, चाळिशीत पाठ मोडलेली बाई त्या यादीत कधीच मजूर नव्हती असं ठरेल.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये देशातलं पहिलं महिला धोरण केलं, चौथं मार्च २०२४ मध्ये आलं. त्याच वर्षी जानेवारीत तोडणीच्या दराची तडजोड झाली होती आणि बातम्या झाल्या त्या दराच्या आणि कमिशनच्या. दराची मुदत संपली की पुन्हा बैठक बसेल, पुन्हा टक्क्यांवर रात्री जागवल्या जातील. त्या बैठकीत ऊस तोडणाऱ्या बायका स्वतः बसलेल्या हव्यात आणि कराराच्या पहिल्या कलमात, दराच्याही आधी, एवढंच लिहिलेलं हवं: मजुरीची नोंद प्रत्येक मजुराच्या नावाने होईल आणि पैसे त्याच्या किंवा तिच्या खात्यात जातील.